पास कोणाचा नाकाराल?

नोकरीत गुन्हे पुष्कळ पाहिले आणि बरेचसे विसरलोही. पण उज्जैनचा त्या हिवाळ्यातला गुन्हा विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही, कारण तो मी शोधलाच नाही. तो हळदीकुंकवात सापडला. खात्यात असताना हे कबूल करायची सोय नव्हती, म्हणून आता सांगतो. नावं कोणाचीच घेणार नाही.

नव्वदनंतरची ती वर्षं. फ्रीगंजमध्ये, म्हणजे शहराच्या नव्या बाजारपेठेत, बघता बघता नवी दुकानं उघडत होती, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडी-पीसीओचे पिवळे बोर्ड लागले होते, कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. त्याबरोबर आणखी एक गोष्ट झाली, जी आम्हा पोलिसांच्या जरा उशिराच लक्षात आली. संध्याकाळी कामावरून एकट्या घरी परतणाऱ्या मुली वाढल्या. मी तेव्हा जुन्या शहरातल्या एका ठाण्याचा टी.आय. होतो, म्हणजे ठाण्याचा मुख्य. मूळचा इंदूरचा. ठाण्यात हिंदी, घरी मराठी, आणि डोकं तापलं की दोन्हींची खिचडी.

डिसेंबरपासून एकाच मोहल्ल्यात तीन प्रकार झाले. दिवा नसलेली गल्ली, सातचा सुमार. कोणीतरी मागून येऊन तोंड दाबायचा, अंगाशी झोंबायचा, आणि मुलगी सुटून ओरडली की शालीत तोंड लपवून पसार व्हायचा. पहिल्या दोघींच्या घरच्यांनी बदनामी नको म्हणून रिपोर्ट दिलाच नाही. तिसरी फ्रीगंजच्या एका पीसीओवर कामाला होती. तिला सायकलवरून खाली ओढलं. ती पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. हाड मोडलं नसतं तर हेही प्रकरण ठाण्यापर्यंत आलं नसतं.

मुलीबरोबर दोन माणसं आली. एक तिचे वडील, बँकेत कारकून, सरळ माणूस. दुसरे अप्पा. अप्पा म्हणजे साठीचे निवृत्त सरकारी अधिकारी, मोहल्ल्याच्या पहारा दलाचे प्रमुख. गळ्यात शिट्टी, हातात टॉर्च, काखेत गस्तीची वही. माझ्या खोलीत त्यांची खुर्ची जवळजवळ ठरलेली होती. ते आले की चहा सांगायची गरज पडत नसे, शिपाई आपणहून आणायचा.

"साहेब, मुलगी घाबरलीय," अप्पा म्हणाले. "मी सांगतो, तुमच्या मुंशींना लिहून घेऊ द्या."

पोरीची जात, ठाण्याची पायरी, सोबत वडीलधारं माणूस असलेलं बरं, असा आमचा सगळ्यांचाच समज. अप्पा बोलत गेले, मुंशी, म्हणजे ठाण्याचा लेखनिक, लिहीत गेला. विनयभंगाचं कलम ३५४, आरोपी अज्ञात पुरुष. मुलीने डाव्या हाताने वाकडीतिकडी सही केली. मग वडील म्हणाले, "साहेब, महिनाअखेरपर्यंत माणूस सापडला तर ठीक. नाहीतर हिचं काम बंद. वैशाखात लग्न लावून मोकळा होतो."

"मला काम सोडायचं नाही," मुलगी म्हणाली. संबंध तासाभरात ती स्वतःहून बोललेलं हे एकच वाक्य. मुंशीने ते लिहिलं नाही. मामल्याशी त्याचा संबंध नाही, असं त्याचं मत पडलं, आणि मीही मान हलवली.

चौथ्या दिवशी मुखबिराने, म्हणजे आमच्या खबऱ्याने, खबर आणली. "साब, भैरूगढ़ का एक छीपा रोज शाम को उधर घूमता है. पक्की खबर है." कापडावर लाकडी ठशांनी छपाई करणारा कारागीर होता तो. आणला. कोपरापर्यंत हात रंगलेले, डोळ्यांत पाणी. मी त्याला दोन तास उलटसुलट विचारलं. चादरी दुकानात पोचवायला येतो, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. त्या संध्याकाळी तो रंगाच्या कढईपाशी होता, आणि सोबत कारखान्यातले सगळे जण होते. तपासलं, खरं निघालं. तरी खात्रीसाठी मुलीला दाखवला. तिने एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "हा नाही."

चेहरा दिसला नाही असं जबाबात लिहून देणारी मुलगी "हा नाही" इतकं ठाम कसं म्हणते, हे तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं. अप्पा शेजारीच उभे होते, ते म्हणाले, "जाऊ द्या साहेब, गरीब आहे बिचारा." मला त्यांच्या मोठेपणाचं कौतुक वाटलं!

मग अप्पांनीच तोडगा काढला. मोहल्ल्यातल्या मुलीबाळींनी सातच्या आत घरात यावं, पोलिसांनी तसं समजावून सांगावं. मलाही पटलं. सोपा उपाय होता, त्यात पोलिसांना काहीच करावं लागत नव्हतं.

संक्रांतीचे दिवस होते. मराठी महिला मंडळाचं हळदीकुंकू एका शाळेच्या हॉलमध्ये दुपारी चार वाजता होतं. आमची ही म्हणाली, "तिथे सगळ्या एकत्र सापडतील, पाच मिनिटं येऊन सांगून जा." हळदीकुंकवाला वर्दीतला पुरुष! गेलो. दारातच उभा राहिलो. पन्नासेक बायका, त्यांत प्लास्टरचा हात सांभाळत बसलेली ती मुलगीही, वाणाच्या प्लास्टिकच्या डब्या, तिळगुळाचा वास. मी घसा खाकरून सांगितलं, सातच्या आत घरी या, एकट्या फिरू नका, पोलीस तुमच्या पाठीशी आहेत.

मागून एक बाई उठल्या. गणिताच्या निवृत्त शिक्षिका, अर्ध्या उज्जैनला त्यांनी पाढे शिकवलेले.

"साहेब, मारका बैल सुटला तर दावं कोणाला लावतात? बैलाला की गावाला?"

हशा पिकला. मी म्हणालो, "बाई, बैल कोणता ते कळलं की लावतोच."

"कळेपर्यंत सगळ्या बैलांना बांधा. सात ते नऊ पुरुषांना कर्फ्यू. दंगल झाली की लावताच ना सगळ्यांना?"

"मलाही?"

"तुम्हालाही. घरी बसून भाकऱ्या भाजा."

आमची ही पदर तोंडाला लावून हसत होती. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, मला गंमत वाटली. पोलिसाच्या डोक्याला सवयच असते. हुकूम म्हटला की तो अंमलात कसा आणायचा याचा विचार सुरू होतो. मी विचारलं, "डॉक्टरचं काय? रेल्वेवाल्याचं? दूधवाल्याचं?"

"पास द्या त्यांना."

"पास कोण देणार?"

"बायका," बाई म्हणाल्या. "जिच्या रस्त्यावरून तो जाणार, तिने सही करायची."

आता मात्र मला तिथून निघवेना. मी सहज विचारलं की असा कर्फ्यू खरंच लागला तर तुम्ही काय कराल? एक आजी म्हणाल्या, "रामघाटावर पाण्यात पाय सोडून बसेन. एकटी. कोणी विचारायला नको, माताजी कोणासोबत आलात." एक सून म्हणाली, "ठेल्यावर उभं राहून कचोरी खाईन, सावकाश." एक म्हणाली, लूना शिकेन. एक नुसतीच म्हणाली, "हळू चालेन." मी विचारलं, म्हणजे? तर म्हणाली, "आत्ता आम्ही सगळ्या भरभर चालतो ना साहेब, तुमच्या कधी लक्षात नाही आलं?" बावीस वर्षं गस्त घातलेला माणूस मी. नव्हतं आलं.

हळदीकुंकवाला चिठ्ठ्यांचा खेळ असतोच. बाईंनी तिथल्या तिथे तो बदलला. चिठ्ठ्या वाटल्या आणि म्हणाल्या, "उखाणे पुरे झाले. आज लिहा, पास कोणाचा नाकाराल? स्वतःचं नाव घालू नका." दहा मिनिटांत चिठ्ठ्या एका डबीत जमा झाल्या. बाईंनी त्या वाचून दाखवल्या नाहीत. आधी स्वतः पाहिल्या आणि डबी माझ्या हातात दिली. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलेलं होतं.

ठाण्यात येऊन दार लावून वाचल्या. बऱ्याचशा चेष्टेच्या होत्या. "नवऱ्याचा, नाहीतरी घरात असतो कुठे", "सासूबाईंना विचारून सांगते", आणि एक "भाषण लांबवणाऱ्या साहेबांचा". पण सहा चिठ्ठ्यांवर, सहा वेगळ्या अक्षरांत, एकच माणूस होता. चार ठिकाणी "अप्पा". एकीवर "शिट्टीवाले काका". आणि एकीवर डाव्या हाताने गिरवल्यासारखं, "अप्पांना पण लागू राहील ना?"

चिठ्ठी म्हणजे पुरावा नव्हे, हे मला कळत होतं. घरी जाऊन हिला विचारलं, हे काय प्रकरण आहे? ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एक चिठ्ठी माझी आहे."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार होते? गर्दीत दोनदा हात लागला. तुम्ही म्हणाला असतात, चुकून लागला असेल, वयस्कर माणूस आहे." तिने एक देठ मोडला. "आणि लगेच शिपायाला चहा सांगितला असतात."

मी अगदी हेच म्हणालो असतो. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ठाण्यातून महिला शिपाई मागवली. ती आणि गणिताच्या बाई मुलीच्या घरी गेल्या. वडिलांना मी बाहेर पानाच्या दुकानावर गप्पांत गुंतवलं. स्वयंपाकघरात दार लोटून मुलीने दीड तास जबाब दिला. तोंड दाबलं तेव्हा शिट्टी पाठीत रुतली होती. "ओरडू नको, मी आहे" असं तो मराठीत म्हणाला होता. आवाज तिने लहानपणापासून ऐकलेला. मग आधी का नाही सांगितलंस? तिचं उत्तर महिला शिपायाने जसंच्या तसं टिपून आणलं: "जबाब तेच सांगत होते."

तपास इतके दिवस दुनियाभर फिरत होता आणि आरोपी माझ्या खोलीत चहा पीत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

अप्पा नेहमीप्रमाणे अकराला आले. मी त्यांना त्यांच्या खुर्चीवर बसू दिलं नाही, टेबलाच्या पलीकडच्या बाकावर बसवलं. गस्तीची वही मागितली. त्यांनी खुशीने दिली. घटनेच्या तारखेचं पान काढलं. त्यांच्याच सुबक अक्षरात नोंद होती: सात वाजून वीस मिनिटं, तीच गल्ली, "सब ठीक".

"अप्पा, मुलगी सव्वासातला पडली. साडेसातला शेजारणीने तिला उचललं. सात वीसला तुम्ही गल्लीत होतात. मनगट मोडलेली मुलगी समोर पडली होती आणि तुम्ही सब ठीक लिहिलंत. की तुम्ही तिथे नव्हतातच आणि नोंद खोटी आहे? दोन्हीपैकी काय लिहू ते सांगा."

ते हसले. म्हणाले, घड्याळ मागेपुढे असेल. मी म्हणालो, आधीच्या दोन तारखांनाही घड्याळ मागेपुढे होतं का? त्या तारखा बाईंनी दोन्ही घरी विचारून आणल्या होत्या. त्या तारखांच्या नोंदीही त्याच गल्लीच्या, त्याच वेळेच्या होत्या, आणि दोन्हींपुढे सब ठीक. त्यांनी पाणी मागितलं. प्यायले. बराच वेळ शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत बसले. मुंशी लेखणी उचलून थांबला होता. अखेर ते बोलले, आणि जे बोलले ते मी आजवर कोणत्याही गुन्हेगाराच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"मी काय परका आहे का, साहेब?"

त्यांना खरोखरच वाटत होतं की हा बचाव आहे. मी एफआयआरमध्ये अज्ञात पुरुष लिहिलं होतं ना, मग ते त्यात बसत नव्हते! एरवी माझा आवाज चढतो. त्या दिवशी चढला नाही. मी मुंशीला सांगितलं, हे वाक्य जसंच्या तसं लिही. तोवर दुसऱ्या एका मुलीनेही येऊन जबाब दिला. अटक झाली, चालान, म्हणजे आरोपपत्र, पेश झालं, शिक्षाही झाली. मला वाटली होती त्यापेक्षा कमी, पण झाली.

पण मामला तिथे संपला नव्हता. महिनाअखेर मी मुलीच्या घरी गेलो. वडील खचले होते. "साहेब, माणूस सापडला, तुमचे उपकार. पण आता तर विश्वासच उडाला. आपलाच माणूस असा निघाला, तर परक्यांचं काय? हिचं काम बंदच बरं. घरात राहील तर निदान सुरक्षित राहील." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुम्ही हमी देता का, हिला पुन्हा काही होणार नाही म्हणून?"

मी ठाणेदार होतो, पण खोटी हमी कशी देणार? मुलगी प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन दाराशी उभी होती.

"बाबा," ती म्हणाली, "मी घरात असायचे तेव्हा अप्पा आपल्याकडेच चहाला यायचे. पाण्याचा ग्लास घेताना पहिल्यांदा हात धरला तो या खोलीत. तुम्ही आत पेपर वाचत होतात."

वडिलांनी चष्मा काढला. तो पुसत राहिले. मग ते उठले, कोपऱ्यातली सायकल बाहेर काढली आणि पुढचं वाकलेलं चाक हाताने फिरवून पाहू लागले. प्लास्टर निघाल्यावर ती पुन्हा पीसीओवर जायला लागली, हे मला हिच्याकडून कळलं.

त्यानंतर नोकरीत मी एक नियम केला. बाईचा जबाब घेताना सोबत आलेल्या वडीलधाऱ्याला, मग तो कोणीही असो, आधी बाहेर बसवायचं. पुष्कळांना राग यायचा. येऊ दे. आणि पुरुषांच्या त्या कर्फ्यूचा विचार अजूनही माझ्या डोक्यातून जात नाही. कायद्यात बसत नाही, कोणी लावणार नाही, हे मला माहीत आहे. तरी मी तो मनातल्या मनात पुष्कळदा लावून पाहिला. दर वेळी एकाच जागी अडतो. बाईंनी पासवर बायकांची सही मागितली होती, ती काही उगाच नव्हे. तो कर्फ्यू लागला असता आणि पास द्यायचं काम माझ्याकडे असतं, तर पहिला पास मी अप्पांनाच दिला असता.