जिजीला न आलेला फोन

गेल्या श्रावणाआधी बराच काळ माझी प्रार्थना आतून आटत चालली होती, हे आधीच कबूल करतो. मी सुरतेत एका विद्यापीठाच्या प्रकल्पावर संशोधन साहाय्यक आहे. या कामाला माझं वय जरा जास्तच. आमच्या खोलीत पन्नाशीला टेकलेला मी एकटाच, बाकी सगळ्या माझ्या मुलीच्या वयाच्या. अपंग बायकांना घरात सोसावी लागणारी मारहाण आणि छळ, हा आमचा अभ्यासाचा विषय. कानाला हेडफोन लावून मुलाखती ऐकायच्या आणि बाई जसं बोलली तसं टाइप करायचं, हे माझं रोजचं काम. भांडण सुरू होण्याआधी नवरा कानातलं यंत्र काढून घेतो, म्हणजे शेजारी दार वाजवतात तेही आपल्याला कळत नाही, असं एक बाई सांगायची. सांगताना ती मध्येच हसायची. ते हसणंही कंसात लिहावं लागे. घरी येऊन देवापुढे हात जोडले की तेच हसणं कानात यायचं. देवानेही हे ऐकलं असेल आणि तो गप्प बसला असेल, तर त्याच्याशी काय बोलायचं? मग वाटायचं, मी तरी वेगळं काय करतो? ऐकतो, लिहून घेतो आणि घरी जातो. देवावर रागावण्याचाही मला हक्क नव्हता.

कधी कधी मला वस्तीतही पाठवत. माझे वडील खानदेशातून कापडाच्या लूमवर कामाला इकडे आले, त्यामुळे सुरतेच्या पांडेसरा भागातल्या आमच्या लोकांची अहिराणी मला येते. अशा घरी आम्ही जोडीनं जायचो. माझी सहकारी शुभांगी त्या बाईशी आत एकटीनं बोलायची आणि मी बाहेर बसून घरच्यांना गुंतवून ठेवायचो. त्यासाठी माझ्याकडे वेगळे प्रश्न असत. नळाला पाणी किती वेळ येतं, दवाखाना किती लांब आहे. त्या उत्तरांचा कुणालाच उपयोग नव्हता. खरा विषय बाहेर फुटला तर आमच्या मागे त्या बाईचं काय होईल, याच्या धास्तीनं केलेली ही व्यवस्था. नियम योग्यच आहे, आजही मी तेच म्हणेन. पण समोरच्याच्या घरचा चहा पीत पीत त्याच्याशी खोटं बोलायचं, हे मला फार जड जायचं.

ज्या घराबद्दल लिहितो आहे त्या घरच्या सुनेला मी इथे सुमन म्हणतो. लहानपणीच्या पोलिओमुळे ती दोन कुबड्यांवर चालते. नवरा रंगाईच्या कारखान्यात कामाला. कामावर जाताना तो तिच्या कुबड्या उचलून माळ्यावर ठेवून द्यायचा, म्हणजे ती उंबऱ्याबाहेर जाऊ नये. बाकीचं ती शुभांगीला सांगणार होती. आमच्या दोन फेऱ्या फुकट गेल्यावर सुमननंच वस्तीतल्या आरोग्यसेविका आशाताईंबरोबर निरोप पाठवला, ‘कानबाईच्या दिवशी या. त्या दिवशी घरात येणंजाणं असतं, कुणी विचारत नाही.’ श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशी घरांत कानबाई देवी बसते आणि सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर नेतात. तो रविवार सुमननं निवडला.

आम्ही दुपारी गेलो. बाहेरच्या खोलीत चौरंगावर कानबाई बसली होती. नारळाला नथ, हिरवं लुगडं, गळ्यात फुलं, शेजारी तेवता दिवा. सुमनची सासू, जिला सगळी गल्ली जिजी म्हणते, भिंतीला टेकून दुखरे गुडघे चोळत होती. तिचा मुलगा मिरवणुकीचे स्पीकर आणायला गेला होता. शुभांगी दर्शन घेऊन सुमनला भेटायच्या निमित्तानं आत गेली आणि मी जिजीसमोर बसून पाण्याचे प्रश्न काढले.

“नळ सकाळी येतो का संध्याकाळी, मावशी?”

“येस तव्हय येस,” जिजी म्हणाली. “तू काय पाणी सोडनारा शे का?”

“नाही, फक्त विचारतो.”

“मग इचार बापा. सरकारनं बी इचारं, नगरसेवकनं बी इचारं. पाणी तेवढंच येस.”

शेजारच्या बायका हसल्या आणि आपापल्या घरी जेवायला उठल्या. जिजीनं माझं गाव विचारलं. मी सांगितलं. तिचं माहेर तिथून पाऊलभर अंतरावर निघालं. झालं, तिचा चेहराच बदलला. “म्हणजे तू मना माहेरना भाऊ! आन् मी तुले कोरा चहा पाजी राहिनू,” म्हणत ती गुडघ्यांवर हात ठेवून उठली आणि दूध घालून दुसरा चहा करून घेऊन आली. तो कप हातात घेताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भिंतीपलीकडे तिच्याच मुलाबद्दल बोलणं चाललं होतं, आणि इथे मी तिचा भाऊ झालो होतो.

चहा संपेपर्यंत ती मला निरखत होती. मग एकदम म्हणाली, “भाऊ, खरं सांग. तू पाणीना करता नही उना. कसाले उना तू? देवी बसेल शे समोर.”

मी पढवलेलं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण ते देववेना. समोर कानबाई, शेजारी दिवा, आणि मला भाऊ म्हणणारी ती म्हातारी. मी म्हणालो, “जिजी, ज्यांना चालता येत नाही अशा बायकांना घरात काय सोसावं लागतं, त्याचा आमचा अभ्यास आहे.”

बोललो आणि त्याच क्षणी चूक कळली. मी कुणाचा जीव कुणाच्या हातात दिला होता? स्वतःच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून मी ते सुमनच्या डोक्यावर ठेवलं होतं. जिजी रागावली नाही, रडलीही नाही. ती दिव्याची वात पुढे सारत बसली. मी मनात फक्त एवढंच म्हणालो, माझ्याच्यानं बिघडलं, आता तू बघ. किती दिवसांनी मी कानबाईशी, किंवा कुठल्याही देवाशी, सरळ बोललो होतो. मागताना लाज वाटली, तरी मागितलं.

तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. तिचा मुलगा आला होता. त्याला पाणी प्यायला आत जायचं होतं.

जिजी उठली. इतका वेळ गुडघे धरून बसलेली ती बाई तरातरा दारात गेली आणि उंबऱ्यावरच त्याला अडवून उभी राहिली. “अरे, मोठी मायना फोन उना व्हता. तिले रिक्षा भेटत नही. जाय, तिले लई ये. तिनाशिवाय गाना कोन म्हणी?”

मोठी माय म्हणजे जिजीची थोरली जाऊ, शहरातच लांब, पर्वत पाटिया भागात राहणारी. कानबाईची गाणी तिलाच येतात. पण जिजीला फोन आलेला नव्हता. तिचा मोबाइल माझ्या डोळ्यांसमोर फळीवर पडून होता आणि आम्ही आल्यापासून एकदाही वाजला नव्हता.

“ती संध्याकाळी येणारच आहे ना,” मुलगा कुरकुरला. मग त्याची नजर माझ्याकडे गेली. “हे कोण?”

“मना माहेरना भाऊ. तुना मामा शे. पाया पड आन् जाय लवकर.”

आणि तो खरोखर वाकला. त्याच्या नखांत निळा रंग बसला होता, मान घामानं भिजली होती. कुणाच्याही घरचा वाटावा असा साधा, तरणा मुलगा. मी आत काय सांगितलं जात होतं ते जाणून होतो, आणि माझा हात त्याच्या डोक्यावर होता. सुखी राहा असं म्हणवेना. “सांभाळ,” एवढंच म्हणालो. तो गेला.

मोटरसायकलचा आवाज गल्लीच्या टोकाशी विरल्यावर जिजी माझ्याकडे वळली. “त्या कुबड्या काढ,” ती माळ्याकडे बोट दाखवून म्हणाली. “मना हात पुरस नही. आन् आजलोंग कोनले सांगता उनं नही.” मी स्टुलावर चढून कुबड्या खाली घेतल्या. जिजीनं त्या पदरानं पुसल्या आणि स्वतः आत नेऊन दिल्या.

थोड्या वेळानं सुमन कुबड्यांवर बाहेर आली, मागे शुभांगी. सुमन सुरतेतल्याच शाळेत शिकलेली, तिचं बोलणं स्वच्छ. माझ्याकडे पाहून म्हणाली, “काका, किती पाणी विचारता हो! आत आम्हाला हसू येत होतं.” शुभांगीनं माझा चेहरा पाहिला आणि काहीतरी घडलं आहे हे तिनं ओळखलं. पण सुमनचं लक्ष सासूकडे होतं. देवीपुढे हात जोडून ती जिजीला म्हणाली, “आई, उद्या मी नदीवर येणार. तिथून परत घरी येणार नाही. शुभांगीताईंनी महिला मदत केंद्रातल्या बाईंना फोन केलाय.”

मी जिजीकडे पाहायचं धाडस केलं नाही.

“मग चादर घे,” जिजी शेवटी म्हणाली. “नदीवर वारं ऱ्हास.”

आम्ही लगेच निघायला हवं होतं, पण आरती न घेता भाऊ पळाला तर मुलाला संशय येईल, असं जिजीचं म्हणणं पडलं. म्हणून मी बसून राहिलो आणि शुभांगी परत जमलेल्या बायकांत मिसळली. माझ्या डोक्यात एकच धास्ती होती. तो पर्वत पाटियाला पोचेल, मोठी माय म्हणेल मी कुठे फोन केला, आणि तो तसाच परत येईल. मग सुमनचा उद्या उगवणारच नव्हता.

मोटरसायकल वाजली. मोठी माय मागच्या सीटवरून उतरली ती बोलतच. “काय गर्दी ओ माय! रिक्षावाला थांबाले तयार नही. कव्हयनी उभी शे मी रस्तावर! घर माघारी फिरणार, तेवढामा हाऊ दिखना.”

“बरं झालं फोन केला,” मुलगा म्हणाला. समोर सुमन कुबड्यांवर उभी दिसताच त्याचा चेहरा आवळला. पण जिजीनं त्याला बोलू दिलं नाही. “घरनी वहू देवीले बसीसन ओवाळी का रे?” एवढं म्हणून तिनं आरतीचं ताट सुमनच्या पुढे केलं. बायकांच्या गर्दीत तो काय बोलणार? स्पीकर बांधायला बाहेर निघून गेला.

तो गेल्यावर मोठी मायनं तांब्याभर पाणी संपवलं आणि पदरानं वारा घेत म्हणाली, “कोना फोन उना व्हता त्याले? मना ते कालदिनपासून बंद पडेल शे.”

जिजीनं माझ्याकडे पाहिलं. मी कानबाईकडे पाहिलं. त्यानंतर आरती सुरू झाली आणि मला तिचे शब्द आठवेनात, इतका मी रडत होतो. बायकांना वाटलं, भावाच्या अंगी देवीची भक्ती फार.

सोमवारी मी दुरून मिरवणुकीत होतो. पुरुष स्पीकरच्या पुढे नाचत होते आणि मागे बायकांत सुमन चालत होती, चादर पांघरून, हळूहळू, न थांबता. तापीच्या काठी केंद्रातल्या बाई रिक्षा घेऊन थांबल्या होत्या. सुमन बसताना जिजीनं तिच्या मांडीवर फडक्यात बांधलेले रोट, देवीच्या प्रसादाच्या पोळ्या, ठेवले. कानबाईचे रोट भाऊबंदांखेरीज कुणाला देत नाहीत, घराबाहेर तर नाहीच. मी बघतोय असं पाहून जिजी म्हणाली, “तुले नही रे. तू माहेरना. हाई मना घरनी शे, जथी जाई तथी घर.” रिक्षा गेली. सुमन आज कुठे आहे ते मी लिहीत नाही. ती बरी आहे, शिवणकाम करते आणि दार आतून स्वतःच्या हातानं लावते, एवढं सांगायची तिनं परवानगी दिली आहे.

प्रकल्पाच्या मॅडमना मी सगळं सांगितलं. त्यांनी मला वस्तीत जाण्यापासून थांबवलं आणि ते बरोबरच होतं. माझ्या एका वाक्यानं काय होऊ शकलं असतं हे त्यांना माहीत होतं, मलाही होतं. त्या घरी पुन्हा जायचं नाही, असंही ठरलं. मी ते पाळलं. पण राखीला जिजीच गावच्या ओळखीतून पत्ता काढून माझ्या घरी आली, गुडघे धरत, जिना चढून. बायको विचारात पडली. मी म्हणालो, “माझी बहीण.” जिजीनं राखी बांधली, लाडू भरवला आणि चहात साखर कमी आहे म्हणून बायकोला टोमणाही मारला. मुलगा तिच्याशी बोलत नाही, घरी जेवत नाही. “हात उचलला का तुझ्यावर?” मी विचारलं. “मनावर? तेवढी छाती नही त्यानी,” ती म्हणाली आणि मग हळूच, “रडस तो. रातले आयकू येस माले.” तिचे डोळे भरले. तिनं सून घालवली नव्हती, पण मुलगा काही दिवसांसाठी घालवला होता, आणि दोघांवरही तिची माया होती.

निघताना मी विचारलंच, “जिजी, देवीसमोर मला खोटं बोलवलं नाही. तुझ्या तोंडून कसं निघालं?”

ती चपलेत पाय घालत म्हणाली, “मी कोठे खोटं बोलनू? उभीच व्हती ना ती रस्तावर. मी फक्त निरोप सांगा.”

तो निरोप कुणाचा होता, हे मी तिला विचारलं नाही, आणि स्वतःलाही विचारणं आता सोडून दिलं आहे. ज्या म्हातारीपासून सुमनला लपवायला मी तिथे बसलो होतो, मदत तिच्याच हातून आली. कुणाकडून मदत येईल आणि कुणाकडून नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. ते ठरवणं माझं काम नव्हतंच. माझं काम नीट ऐकण्याचं, नियम जपण्याचं, आणि चुकलो की हात जोडून सांगण्याचं. अजूनही मी हेडफोन लावून बसतो. ते हसणं, ते थांबणं, सगळं तसंच्या तसं टाइप करतो. फरक एवढाच, की प्रत्येक मुलाखत सुरू करण्याआधी त्या बाईसाठी मनात कानबाईला म्हणतो, आई, तुझं माणूस वाटेवर असू दे. आणि मग ऐकू लागतो.