मनुकांच्या रसाची चव

रात्रभर भिजून टंच फुगलेल्या काळ्या मनुका मंद आचेवर शिजू लागल्या, की एक गडद, गोड, किंचित आंबूस गंध स्वयंपाकघरातून निघून थेट ओसरीपर्यंत दरवळत जातो. महिन्याच्या पहिल्या रविवारची सकाळ माझ्यासाठी या गंधानंच उजाडते. आंजीच्या आमच्या छोट्याशा बाप्टिस्ट मंडळीत प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या विधीला, लागणारा द्राक्षरस गेली तीस वर्षं माझ्याच हातचा असतो. पूर्वी मी चमचाभर चाखून साखर घालायची. हल्ली चाखत नाही, गंधावरूनच अंदाज घेते.

आणि गंमत बघा, जो रस मी करते तोच चर्चमध्ये मला घेता येत नाही! माझं माहेर तळेगावचं, आणि ते दुसऱ्या मंडळीतलं. तिथं तान्ह्या लेकराच्या कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात. माझाही तसाच झाला, अडीच महिन्यांची असताना, आईच्या मांडीवर. सासरी मात्र तो धरत नाहीत. इथं आधी स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करायचा, मग नदीत पूर्ण बुडून बाप्तिस्मा घ्यायचा, आणि तो झाल्याशिवाय प्रभूच्या मेजाला हात लावायचा नाही.

या नियमाचे राखणदार होते माझे सासरे, मामाजी. मंडळीचे डीकन, म्हणजे पाद्र्यांच्या हाताखालचे सेवक-कारभारी. इवल्या पेल्यांचं तबक घेऊन ते बाकाच्या टोकाशी उभे राहत. तबक आधी माझ्या यजमानांकडे, मग यांच्या हातून माझ्याकडे येई, माझ्या हातून शेजारणीकडे जाई. तबक पुढं दिलं, की जो तो डोळे मिटून प्रार्थनेला लागायचा; उघडे असत ते फक्त मामाजींचे. सून मोहात पडते की काय, हे पाहणारे ते वत्सल आणि कठोर डोळे मी कसे विसरू? उपासना संपली की तेच मामाजी बसस्टँडवरून गरम आलुबोंडे आणत आणि पहिला माझ्या हातावर ठेवत. असा माणूस, त्याच्यावर रागवायचं तरी कसं!

संध्याकाळच्या चहाला आमचा शास्त्रार्थ ठरलेला. मी म्हणायची, बायबलातल्या त्या तुरुंगाच्या अधिकाऱ्यानं सगळ्या घरादारासकट बाप्तिस्मा घेतला, मग त्या घरात एखादा पाळणा नसेल का? ते बशी खाली ठेवून विचारत, पाळणा होता असं लिहिलंय कुठं? मी म्हणायची, नव्हता असं तरी कुठं लिहिलंय? जुन्या करारात आठ दिवसांच्या लेकराला सुंतेची, कराराची खूण मिळत होती, तेव्हा त्याला कुठला विश्वास कळत होता? ते म्हणत, ती खूण जन्माची, ही विश्वासातल्या नव्या जन्माची. प्रभुभोजन म्हणजे केवळ स्मरण, असं त्यांचं मत. प्रभू त्या मेजाशी खरोखर येऊन बसतो, ही माझी श्रद्धा. नुसती आठवणच असेल तर मलाच आठवायला बंदी का, असं मी छेडलं, की ते मिशीतल्या मिशीत हसत आणि आणखी अर्धा कप चहा मागत.

नदीत एकदा उतरले असते तर सगळाच प्रश्न मिटला असता. यांनीही एकदोनदा हळूच सुचवून पाहिलं. पण मी चार वर्षांची असताना आई गेली. तिचा चेहरासुद्धा मला नीट आठवत नाही. तिनं मला दिलेलं, अजून माझ्याजवळ असलेलं एवढंच काय ते कपाळावरचं पाणी. पुन्हा बुडी घ्यायची म्हणजे आईला सांगायचं, बाई, तू दिलंस ते खोटं होतं. मला काहीच कळत नव्हतं तेव्हा देवानं मला आपलं म्हटलं, कृपा ती हीच ना? एकदा हे मामाजींना रडत रडत सांगितलं. त्यांनी आपल्या हातानं मला चहा ओतून दिला. पुढच्या महिन्यात तबक मात्र तसंच पुढं गेलं.

गेल्या साली ते पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि खाटेला खिळले. त्यांना न्हाऊ घालणं, भरवणं माझ्याकडेच आलं. एका पहिल्या रविवारी उपासना आटोपून आमचे पाद्री, पाळकसाहेब, घरी प्रभुभोजन घेऊन आले. मामाजींचे हात इतके थरथरत होते, की पेला धरवेना. सूनबाईच्या हातानं घेतो, असं ते म्हणाले. पाळकसाहेब क्षणभर घुटमळले, मग त्यांनी पेला माझ्याकडे दिला. मी तो मामाजींच्या ओठांना लावला. आयुष्यभर थेंबही न ठेवणाऱ्या माणसानं अर्धाच घोट घेतला आणि तोंड मिटलं. मग पाळकसाहेबांना प्रार्थना करायला सांगितलं. सगळ्यांचे डोळे मिटले. मामाजींनी एकदा माझ्याकडे, एकदा पेल्याकडे पाहिलं.

"सूनबाई," ते अगदी हळू म्हणाले, "मी नाई पाहून राह्यलो." आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी तो उरलेला घोट घेतला. प्रार्थना केव्हा संपली ते मला कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मामाजींनी पुन्हा विचारलं, पाळणा होता असं लिहिलंय कुठं? हार त्यांनी मानली नव्हती, मीही मानली नव्हती. दीड महिन्यानं ते गेले.

मंडळीचा नियम आहे तसाच आहे. एका म्हाताऱ्यानं डोळे मिटले म्हणून तो बदलत नाही, आणि मीही तसा हट्ट धरत नाही. तबक यांच्याकडून येतं, मी शेजारणीकडे देते. आता बाकाच्या टोकाशी दुसरे डीकन उभे असतात, आणि ते माझ्याकडे पाहतही नाहीत.

आज पुन्हा मनुका शिजताहेत. परवा शेजारीण म्हणाली, गेल्या खेपेला साखर जरा जास्त झाली. झाली असेल. चमचा हातात येतो, ओठांपर्यंत जातो, आणि मी तो तसाच खाली ठेवते. मामाजींच्या खाटेपाशी घेतलेला तो अर्धा घोट अजून माझ्या जिभेवर आहे.