शून्य आणि पाच फुलं

"हाय ना!" म्हणत मावशी डाव्या हाताचं बोट कपाळाला लावायच्या. पक्षाघातानंतर आमच्या कोपऱ्यावरच्या या फुलवालीच्या तोंडी एवढेच शब्द उरले होते. मुलांनो, तुम्ही नाशिकला यायचात तेव्हा दाराला लागणारं तोरण त्यांच्याच हातचं असे.

पूर्वी त्या चार गिऱ्हाइकांच्या मागण्या एकदम ऐकायच्या आणि ज्याची पुडी त्याच्याच हातात द्यायच्या. आता फुलांचा गाळा दुसऱ्याला देऊन टाकायचं त्यांच्या मुलाच्या मनात होतं. "आईच्या डोक्यात आता काही राहत नाय, मॅडम," तो त्यांच्यासमोरच म्हणाला. मावशींनी मान फिरवली.

त्या सुमारास एक संशोधक मुलगी वाचा गेलेल्या माणसांना ऐकलेलं मनात किती धरून ठेवता येतं, ते तपासत होती. मी तिच्या नोंदी लिहायची. गाळ्यावरच बसून तिने मावशींना पाच फुलांची नावं सांगितली. त्याच क्रमाने म्हणायची होती.

"हाय ना."

पुन्हा सांगितली. पुन्हा "हाय ना."

मी वहीत सुबक शून्य काढलं. जन्मभर शाळेत गुण दिलेले. तोंडून उत्तर आलं नाही म्हणजे ते येतच नाही, हा माझा हिशेब.

मावशींनी ते शून्य पाहिलं. वही बाजूला सारली, फुलांची पाटी ओढली आणि ओल्या गोणपाटावर एकेक फूल मांडलं. शेवंती, झेंडू, गुलाब, मोगरा, निशिगंध. अगदी क्रमाने!

मुलीने नवी पाच नावं सांगितली. "आता शेवटापासून, मावशी." त्यांनी तीही मांडली. मला मात्र तिसरं नाव आठवेना.

मुलगा बघत उभा होता. "लय पक्की हाय तू, आई. बस उद्यापासून."

"हाय ना!" या वेळी बोट त्याच्या कपाळावर टेकलं.

पुढे तीन वर्षं त्या गाळ्यावर बसल्या. उजवा हात लुळा, म्हणून दोरा पायाच्या अंगठ्याला, सुई डाव्या हातात. पुडी कधी चुकली नाही.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. आता सून बसते. मावशींचं गोणपाट ती रोज ओलं करून अंथरते. काल मी तोरणाची फुलं सांगू लागले तर म्हणाली, "आजी, लिहून द्या ना, माझ्या ध्यानात नाय राहत."

मी पिशवीतून वही काढली. परत ठेवली. आणि गोणपाटावर एकेक फूल मांडू लागले.