लांबीकाकू आणि तळातलं भोक

शेडमध्ये तयार होत असलेल्या, कालच लाद्यांच्या नक्षीचं चकचकीत लिनोलियम अंथरलेल्या घरगाडीत गॅसवाला गुडघे टेकून बसला आणि त्याने सरळ ओट्याखालच्या कपाटात, अगदी तळालाच, ड्रिल लावलं. लांबीकाकू गादीची खोळ शिवत बाजूला बसल्या होत्या. त्या सुईदोऱ्यासकट उठल्या.

"अरे अरे! शुद्धीवर आहेस ना? तळाला भोक पाडतोयस?"

गॅसवाल्याने मान वर केली नाही. पत्र्याची गोल चकती सुटून खाली पडली आणि त्या भोकातून शेडची जमीन दिसायला लागली. काकूंना ते पाहवेना. कुणी त्यांच्या नव्या साडीला निखारा लावला असता तरी त्या एवढ्या कळवळल्या नसत्या.

याला कारण होतं. काकूंचं अख्खं आयुष्य भोकं बुजवण्यात गेलं होतं.

त्यांचे वडील मोटारी रंगवायचे. पत्र्याला खळगा पडला की तो लांबीने, म्हणजे लुकणाने, भरायचा, घासून सपाट करायचा, मग रंग. लांबी भरायचं काम वडिलांनी काकूंना हातात चमचा धरता यायच्या वयातच शिकवलं. पुढे लग्न झालं ते जुन्या मिनीबसच्या घरगाड्या करणाऱ्या कारागिराशी. सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची. बसची बाकडी उपटून काका तिथे पलंग बसवायचे, ओटा करायचे, पाण्याची टाकी, बॅटरी, टपावर सौर तक्ते, आणि मुक्कामाच्या जागी बाहेरून वीज जोडायला बाजूला एक झाकणाची खोबण. हे सगळं काकांचं. पण दोन फळ्यांमधली, खिडकी आणि पत्र्यामधली, नळी जिथून आत शिरते तिथली प्रत्येक फट काकूंची. लांबी गेली, तिच्या जागी सिलिकॉनच्या नळ्या आल्या, तरी नाव लांबीकाकूच राहिलं. त्यातून काकू उंचीने एवढ्याशा. नवीन गिऱ्हाईक "लांबीकाकू कुठायत?" म्हणत त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघायचं आणि शेडमधली माणसं हसून घ्यायची.

गाडी तयार झाली की काकू आत बसायच्या, दारं लावून घ्यायच्या आणि काकांना बाहेरून टपावर पाइपने पाणी सोडायला लावायच्या. हातात विजेरी. एक थेंब जरी आत दिसला तरी गाडी शेडबाहेर जायची नाही.

"हिने गाड्यांच्या सगळ्या फटी बुजवल्या," काका गिऱ्हाइकांना सांगायचे, "पण हिच्या तोंडाला लांबी भरणारा कुणी भेटला नाही."

"भरली असती तर तुमची गिऱ्हाइकं कुणी सांभाळली असती? तुम्ही? तुम्ही तर त्यांच्याशी पान्याने बोलता."

तर अशा काकूंच्या डोळ्यांदेखत गॅसवाला तळाला भोक पाडत होता.

"काकू, हे पाडावंच लागतं," तो कपाळ पुसत म्हणाला. "गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही, पाण्यासारखा तळाला साचत जातो. त्याला खाली निघून जायला वाट हवी की नको? नाहीतर गाडी म्हणजे बादलीच झाली. भरत राहते. मग एक ठिणगी..." त्याने दोन्ही हातांची बोटं फक्त फाकवून दाखवली.

काकूंचा राग जिथल्या तिथे थांबला.

"सगळ्याच गाड्यांना पाडतोस हे?"

"म्हणजे काय! आत शेगडी आली की भोक आलंच. तुमच्या बहिणीच्या गाडीला नाही का पाडलं? तुम्ही नव्हता तेव्हा. वर जाळीसुद्धा ठोकून दिली, उंदीर शिरू नये म्हणून."

काकू मटकन पलंगाच्या फळीवर बसल्या.

ती जाळी काकूंनी पाहिली होती. त्याआधी त्यांच्या शेडमधल्या कुठल्याही गाडीत गॅस आत नसायचा. लोक एक छोटी शेगडी बरोबर न्यायचे आणि गाडीबाहेर सावलीत मांडायचे. धाकट्या बहिणीला मात्र आतच ओटा, आतच शेगडी, आतच सिलिंडर हवं होतं. पडद्याचं कापड आणायला काकू बाजारात गेल्या, त्या दिवशी गॅसवाला येऊन जोडणी करून गेला. परत आल्यावर कपाटात डोकं घालून बघतात तो तळाला भोक, आणि त्यावर जाळी. काकूंनी मनाशी ठरवून टाकलं की जुन्या बसचं भोक बुजवायचा काकांना आळस आला, म्हणून वर जाळी ठोकून ते मोकळे झाले. आपल्याच माहेरच्या माणसाच्या गाडीत अशी टंगळमंगळ! चिडून त्यांनी जाळी उपटली, रबराचं बूच ठोकून बसवलं, भोवती सिलिकॉन फिरवलं, त्यावर लिनोलियमचा तुकडा नक्षीला नक्षी जुळवून चिकटवला. तळहात फिरवला तरी कळणार नाही, असं. काकांना बोलून दाखवायचं तेवढं राहून गेलं.

"काय झालं गं?" काका दारात आले होते.

"धाकटीच्या गाडीचं भोक मी बुजवलं."

काका आधी हसले. मग त्यांनी गॅसवाल्याकडे पाहिलं, आणि त्याने हातातलं ड्रिल हळूच खाली ठेवलेलं दिसल्यावर ते हसायचे थांबले.

बहिणीचा फोन लागेना. मेहुण्यांचा लागेना. तीच ती बाई संपर्क क्षेत्राबाहेर असल्याचं गोड आवाजात सांगत राहिली. दोघं परवाच निघाले होते. मेहुण्यांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, पण नकाशाबाहेरचं काही पाहिलं नव्हतं. म्हणून निवृत्त झाल्यावर ही गाडी. पहिला मुक्काम तळ्याकाठच्या मैदानावर, घरगाड्या उभ्या राहतात तिथे, हे मात्र काकूंना ठाऊक होतं.

"अगं, गळायला हवा ना आधी," काका म्हणाले. "जोडणी तर नवीकोरी आहे."

"नवीच गळते, काका," गॅसवाला खाली बघत म्हणाला. "रस्त्याच्या हिसक्यांनी नट सैल पडतात. पहिल्या प्रवासानंतर साबणाचं पाणी लावून तपासा, असं मी त्यांना सांगितलंय. गॅस गळला की वाजणारी घंटासुद्धा मागवली होती, पण ती येईपर्यंत थांबायची तयारी नव्हती त्यांची."

"बरं, वास तरी येईल की नाही?"

काकूंनी नवऱ्याकडे नुसतं बघितलं. त्या मोठ्या तापात धाकटीचं नाक गेलं ते परत आलंच नव्हतं. दूध करपलं की तिला धूर दिसल्यावर कळायचं.

काकांनी टेम्पोची किल्ली घेतली.

वाटेत गॅसवाला हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. काकू पुढच्या काचेतून बघत होत्या आणि त्यांना आपलेच शब्द ऐकू येत होते. गाडी ताब्यात देताना त्या धाकटीला म्हणाल्या होत्या, "आता तुझ्या गाडीत मुंगीसुद्धा शिरायची नाही."

मैदानावर दुपारचं ऊन होतं. धाकटीची पिवळसर गाडी कडेच्या झाडाखाली उभी होती. खिडक्या बंद, पडदे ओढलेले. मेहुणे बाहेर उकिडवे बसून नळाला पाइप जोडत होते.

"अहो ताई! तुम्ही इकडे कुठे?"

"ती कुठाय?"

"आत. चहा टाकतेय."

काकू धावल्या. त्या वयात, त्या गुडघ्यांनी, त्या कशा धावल्या हे काकांना नंतर सांगता येईना. दार ओढलं तर आत धाकटी ओट्यापाशी उभी, एका हातात पातेलं, दुसऱ्या हातात शेगडीचा लायटर.

"अगंबाई, ताई! तू..."

काकूंनी तिचं मनगट धरलं आणि तिला पायरीवरून खाली ओढलं. पातेलं, पाणी आणि दोघी बहिणी एकदमच गवतात पडल्या.

"वेड लागलंय का तुला? खांदा निखळला असता माझा!"

तेवढ्यात उघड्या दारातून तो वास आला. कुजक्या कांद्यासारखा, जड, पायरीवरून घरंगळत आल्यासारखा. मेहुण्यांनी नाक दाबलं. "अरे बापरे! थांबा, पंखा लावतो, निघून जाईल," म्हणत त्यांनी आत हात घातला.

"बटणाला हात लावू नका!" गॅसवाला असा ओरडला की पलीकडच्या गाडीतली माणसं बाहेर आली. "पंखा नाही, दिवा नाही, प्लग काढायचा नाही! सगळे लांब व्हा!"

त्याने श्वास कोंडून आत जाऊन सिलिंडर बंद केलं, खिडक्या ढकलल्या आणि लालबुंद होऊन बाहेर आला.

"वरचा निघेल. तळाचा तिथेच बसणार."

काकूंनी इकडेतिकडे बघितलं. पायरीशी झाडूचा लाकडी दांडा पडला होता. तो घेऊन त्या गाडीखाली शिरल्या, पाठीवर आडव्या, तोंड वर करून. बूच कुठे आहे ते त्यांना शोधावं लागलं नाही. त्यांनी दांडा टेकवला आणि खालून ठोसा दिला. हललं नाही. किती पक्कं बसवलं होतं! पुन्हा ठोसा, पुन्हा. मग बूच वर उडालं आणि त्या भोकातून गार, ओलसर असं काहीतरी काकूंच्या तोंडावर ओतलं गेलं. दिसत काहीच नव्हतं. काकांनी पाय धरून त्यांना बाहेर खेचलं तेव्हा त्या ओकत होत्या.

बराच वेळ गेल्यावर गॅसवाल्याने सिलिंडर पुन्हा किंचित उघडून जोडांना साबणाचं पाणी लावलं. शेगडीमागच्या नटापाशी बारीक बारीक बुडबुडे आले.

"ताई, वेळेवर आलात. तुमचे उपकार कसे फेडायचे?" मेहुणे हात जोडत म्हणाले.

काकूंना ते ऐकवेना. त्या काही बोलणार इतक्यात धाकटी गाडीतून बूच घेऊन उतरली. बुचाला लिनोलियमचा तुकडा अजून चिकटलेला होता. तिने तो उलटून पाहिला, कडेवरून बोट फिरवलं.

"हे तुझं काम आहे," ती म्हणाली. "एवढी सफाई दुसऱ्या कुणाची?"

"मला वाटलं..."

"माझं नाक गेलं, ते जाऊ दे. तुझ्या डोक्याला काय झालं होतं?"

काकूंनी तोंड उघडलं, पण शब्दच फुटला नाही. काका शेजारीच होते. एरवी त्यांनी या संधीचं सोनं केलं असतं. ते टेम्पोकडे बघत राहिले.

धाकटीचा राग पटकन यायचा आणि तेवढ्याच पटकन उतरायचा. "भोकावर पुन्हा जाळी बसवा," तिने गॅसवाल्याला फर्मावलं, "आणि हिला समोर उभी करून बसवा!" स्वतःच्याच बोलण्याला ती हसली. मग पडलेलं पातेलं उचलायला वाकली, तर तिथेच गवतात लायटर पडलेला. तो तिने हातात घेतला आणि बघता बघता तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती होती तिथेच खाली बसली.

"ताई," ती म्हणाली, "तू दार उघडलंस ना, त्याच्याआधी मी हा दोनदा दाबला होता. नुसतं टक झालं. पेटला नाही."

गॅसवाला मागे वळला.

काकू गवतावर तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि त्यांनी पुन्हा तिचं मनगट धरलं. मघाच्या बोटांचे वळ त्यावर उठले होते.

"सोड गं, दुखतंय," धाकटी म्हणाली.

काकूंनी सोडलं नाही.