बैलांमागची फियाट

नातवाच्या गाडीत तापलेल्या रेक्झिनचा वास आला आणि गावातल्या बबनची फियाट आठवली. बबनचा बाप वारला तशी बापाची ही जुनी गाडी त्याला आयती मिळाली. माझ्या बापाने मला बैलजोडी ठेवली होती. कळंबच्या रस्त्याने बबन हॉर्न वाजवत गेला की मी मुद्दाम पाठ फिरवायचो.

एकदा ती ओढ्यातल्या चिखलात रुतली.

"बैल आण रं," बबन म्हणाला.

"आणतो. पण स्टेरिंग मी धरणार. तू बैलांपुढं चाल."

गाडी रस्त्याला लागली तरी मी थांब म्हटलं नाही. उलट हॉर्न वाजवला.

"बैल बुजतील रं!"

"माझे बैल हायत, बुजत नाय!"

जन्मात तेवढीच मोटार चालवली, तीही माझ्याच बैलांनी ओढलेली. हेवा मात्र अजून गेलेला नाही.