नगरपालिकेचा अर्धा नोकर

क्वामेना आर्का हा आमच्या अकोमासी गावचा दवंडीवाला. उंच, किडकिडीत, मान पुढे काढून चालणारा. आवाज असा की तो बंदरावर बोलला तर खाडीपलीकडच्या बायका मासे उलटायचं थांबवून ऐकत. त्याच्याविषयी लिहायचं तर नगरपालिकेच्या जमाखर्चाविषयी लिहिणं आलंच, कारण त्या माणसाचं अर्धं आयुष्य त्यात अडकून पडलं होतं. मी बरीच वर्षं तिथे सभासद होते आणि वित्त समिती माझ्याकडे होती, तेव्हा ऐकीव काही सांगत नाही.

आमचं उत्पन्न म्हणजे बाजाराची पट्टी, गाडीतळाची पावती, सार्वजनिक संडासाचे पैसे, मोकाट शेळ्यांचा दंड. या सगळ्यांपेक्षा मोठी बाब म्हणजे अंत्यविधीला भाड्याने द्यायचे मांडव आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या. अकोमासीत माणसाला थाटात पुरतात, त्यामुळे आमचे रस्त्यावरचे दिवे त्या खुर्च्यांच्या जिवावर जळत. खर्चाच्या बाजूला 'प्रसिद्धी' नावाची एक बारीकशी बाब होती. तिच्यात क्वामेनाचा अर्धा पगार आणि दर महिन्याला जिनची एक बाटली. बाटली हिशेबात 'सभेचं साहित्य' म्हणून लिहिली जायची. तपासनीस दर वर्षी हरकत घ्यायचा आणि आम्ही दर वर्षी तेच लिहायचो.

बाटलीशिवाय चालत नव्हतं. दवंडीची लोखंडी घंटा नगरपालिकेची नव्हे, ती नानांच्या, म्हणजे आमच्या राजाच्या, गादीची. नगरपालिकेला गावाला काही सांगायचं असेल तर आमच्या चिटणिसाने बाटली घेऊन दरबारात जायचं. नाना स्वतः कुणाशी बोलत नाहीत. त्यांच्या वतीने ओकियामे बोलतो आणि त्यांच्या वतीने ऐकतो. चिटणिसाने मजकूर वाचायचा, ओकियामेने दोन थेंब जमिनीवर सांडून पूर्वजांना द्यायचे, "नानांनी ऐकलं" म्हणायचं, आणि मग क्वामेनाने घंटा उचलायची. म्हणून मजकूर शेळ्यांचा असो की संडासाचा, दवंडीची सुरुवात एकच, "नाना म्हणतात...!"

आणि नाना म्हणाले की म्हणाले. घंटेवरून गेलेला शब्द परत घ्यायचा तर गादीपुढे मेंढी कापावी लागते, घंटा मेंढीच्या रक्ताने धुवावी लागते, म्हाताऱ्या सरदारांना जेवण द्यावं लागतं. एकदा आमच्या चिटणिसाने, ओटू त्याचं नाव, संडासाचा नवा दर चुकून जुन्यापेक्षा कमी लिहिला. दवंडी झाली. दुसऱ्या दिवशी चूक लक्षात आली, पण मेंढी कुणाच्या पैशाने कापायची यावर सभा इतकी लांबली की शेवटी वर्षभर आम्ही तोच दर घेतला. गावाने आमचे आभार मानले. खजिनदार अमिसाने ओटूशी पावसाळा संपेपर्यंत अबोला धरला.

तर क्वामेना. अर्धा पगार आमचा, अर्धा दरबाराचा. हे त्याच्या मामाच्या वेळेपासून चालत आलेलं, मामा गेल्यावर घंटा त्याच्या हातात आली. तेव्हा तो चांगला होडीवर जाणारा गडी होता. घंटा घेतल्यावर होडी सुटली, कारण गादीच्या दवंडीवाल्याने गावाच्या हद्दीबाहेर रात्र काढायची नसते. नानांना केव्हा काय सांगावंसं वाटेल याचा नेम नाही, असं कारण देतात. माझ्या आयुष्यात तरी नानांना रात्रीचं काही सांगावंसं वाटल्याचं मला आठवत नाही.

त्याची सख्खी बहीण एफुआ खाजणाकाठच्या एन्टुमानोत लग्न करून गेलेली. गाडीने दोन तासांचा रस्ता. त्यांची आई त्या बहिणीकडेच वारली. हा सकाळी गेला, मूठभर माती टाकली आणि दिवे लागायच्या आत परत आला. आईच्या अंत्यविधीला रात्री न बसलेला मुलगा! आमच्यात याहून मोठी शरम नाही. त्याच्यामागे लोक बोलले, आणि ते बोलणारे हद्दीचा नियम पक्का जाणून होते.

मग बहिणीचा नवरा गेला, मुलं शहरात गेली. तिने घराला लागून एक खोली बांधली आणि निरोप धाडला, "आता ये. दोघं म्हातारी मिळून मासे वाळवू." क्वामेनाचाही गुडघा गेला होता. हद्दीच्या पाटीपासून दवंडी सुरू करायची रीत, पण तिथवर चालणं जमेना, तेव्हा गाडीवाले त्याला फुकट बसवून पाटीपाशी उतरवायचे. त्याला सुटायचं होतं. एवढंच मागणं.

आता गंमत बघा. तो दरबारात गेला. ओकियामे क्वाव अन्सा म्हणाला, "नगरपालिकेने आधी निरोपाचं काय ते ठरवावं. तू त्यांचाही नोकर." तो आमच्याकडे आला. अमिसा म्हणाला, "दरबाराचं पत्र आण. तू आमचा अर्धाच नोकर." सोडणाऱ्याने निरोपाचं कापड आणि घरावर घालायला पत्रे द्यायचे असतात, आणि ते कुणालाच द्यायचे नव्हते. यात काही वर्षं गेली. मी मोजायला गेले नाही, पण तेवढ्यात दोन अध्यक्ष बदलले.

एकदा तो माझ्या अंगणात येऊन बसला. मी त्याला गारी, म्हणजे कसाव्याच्या भाजक्या कण्या, भिजवून दिली, साखर घालून.

"बाई, तुम्ही एवढ्या शिकलेल्या. मी नक्की कुणाचा, तेवढं सांगा. त्याच्याच पायावर पडतो."

"पायावर पडून काही होत नाही. ते दोघेही पाय बाजूला घेतात."

"मग मेल्यावरच सुटायचं का? मेल्यावर एफुआला माझा काय उपयोग?"

"जिवंतपणी तरी काय उपयोग आहे तुझा?"

"ओरडून पाखरं हाकलीन की वाळवणावरची," तो म्हणाला आणि हसला. मग गारीच्या वाडग्यात बघत म्हणाला, "तिला आता नीट दिसत नाही, बाई. चूल पेटवताना मागच्या महिन्यात हात भाजला."

हे ऐकून मी पुढच्या मंगळवारी सभेत विषय घेतला. मंगळवारी आमच्याकडे समुद्रावर जात नाहीत, त्यामुळे कोळी सभासदही हजर असतात. बाजाराची पट्टी, संडासाची टाकी उपसणं, तुटक्या खुर्च्यांचा लिलाव, हे नेहमीचं आटोपलं. मग मी म्हणाले, प्रसिद्धीच्या बाबीत पैसे शिल्लक आहेत. त्यातून क्वामेनाला कापड आणि पत्रे द्या, आणि जागा रिकामी झाल्याचं जाहीर करा.

अमिसा म्हणाला, "अर्ध्या नोकराला पूर्ण निरोप? उद्या झाडूवाल्या अर्धा निरोप मागतील."

"झाडूवाल्यांना पूर्ण पगार देतोस का तू?" मासेवाली अराबा मागून ओरडली. ती सभासद नव्हती, पण मंगळवारी खिडकीत बसून सभा ऐकायचा तिचा शिरस्ता. "पत्रे दे रे त्याला! त्याचा आवाज गेला तर तुझी पट्टी कोण वाजवून सांगणार? तू? तुझा आवाज तुझ्या बायकोलासुद्धा ऐकू येत नाही!"

सभा हसली. हसलेली सभा मत देते, हे मला ठाऊक होतं. ठराव झाला: दरबाराची संमती मिळाल्यावर जागा रिकामी झाल्याची दवंडी द्यावी आणि क्वामेनाला निरोप द्यावा. 'दरबाराची संमती मिळाल्यावर' हे शब्द अमिसाने घालून घेतले, म्हणजे काम पुन्हा तिथेच अडकावं.

इथून पुढे जे झालं ते मी मुद्दाम घडवलं असं गाव अजून म्हणतं. घडवलं असतं तर मी स्वतःच सांगत सुटले असते, इतकं ते चांगलं झालं. पण ते झालं ओटूमुळे, आणि ओटूला मुद्दाम काही करता येत नाही.

ओटूचं काम ठराव झाले की त्यांतून दवंडीचा मजकूर काढायचा. घंटेवरचा मजकूर लहान लागतो, कारण क्वामेना तो ऐकून पाठ करायचा. तेव्हा ओटू जिथे दिसेल तिथे अटी गाळायचा. 'नियम क्रमांक अमुकनुसार' गाळायचा, 'समितीच्या शिफारशीवरून' गाळायचा. याही वेळी त्याने सवयीने अट गाळली. मग बाटली काखेत घेतली आणि दरबारात गेला. मीही गेले होते, कारण आमचा मांडव नानांच्या भाच्याच्या अंत्यविधीहून परत आला नव्हता आणि तो मागायचा होता.

ओकियामे क्वाव अन्साने बाटली उजेडात धरून बघितली. ओटू एका सुरात वाचू लागला. गाडीतळावर रात्री गाड्या धुऊ नयेत. शेळ्या बांधून ठेवाव्यात. तुटक्या खुर्च्यांचा लिलाव बाजाराच्या दिवशी आहे. दवंडीवाल्याची जागा नव्या महिन्यापासून रिकामी आहे, क्वामेना आर्का याला नगरपालिका कापड आणि पत्रे देऊन निरोप देत आहे. संडास गुरुवारी बंद राहील.

ओकियामे झाकण फिरवत होता. वर्षानुवर्षं तेच ऐकायचं, शेळ्या आणि संडास, कोण कान देणार? त्याने दोन थेंब सांडले, पूर्वजांची नावं घेतली आणि म्हणाला, "नानांनी ऐकलं."

मी माझ्या मांडवाचं बोलायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. आणि क्वामेनाकडे बघितलं. तो खांबाला टेकून उभा होता. रीतीप्रमाणे त्याला मजकूर परत म्हणून दाखवायचा होता. गाड्या, शेळ्या, खुर्च्या म्हणून झाल्या. मग तो थांबला. मला वाटलं आता अडखळणार. त्याने नुसता घसा खाकरला आणि स्वतःचं नाव शेळ्यांच्याच सुरात म्हटलं. गुरुवारचा संडासही म्हटला. घंटा उचलली आणि गेला.

त्या दिवशी त्याने पाटीपासून सुरुवात केली, बाजारातून, बंदरावरून, चर्चमागून फिरला आणि रीतीप्रमाणे शेवटी दरबाराच्या दाराशी येऊन उभा राहिला. "नाना म्हणतात...!" तोवर अर्धं गाव मागे लागलं होतं. ओकियामे चप्पल न घालता धावत बाहेर आला.

"अरे, हे कुणी सांगितलं तुला?"

"नानांनी," क्वामेना म्हणाला. "तुम्हीच म्हणालात, नानांनी ऐकलं."

"परत घे! आत्ताच्या आत्ता परत घे!"

"घेतो की. मेंढी आणा."

मागे अराबा होतीच. "मोठी आणा हं, ओकियामे! सरदार पुष्कळ आहेत, लहानग्या मेंढीत भागायचं नाही!"

संध्याकाळी दरबारातून आम्हाला बोलावणं आलं. ओकियामेचं म्हणणं, चूक नगरपालिकेची, मेंढी नगरपालिकेने द्यावी. अमिसा उभा राहिला. त्या माणसाचं आणि माझं कधी पटलं नाही, पण त्या दिवशी तो जे बोलला त्यासाठी मी त्याच्या पुढच्या सगळ्या कंजूषपणाला माफी दिली.

"मेंढी?" तो म्हणाला. "मेंढी मी कुठल्या बाबीत लिहू? बाटलीला सभेचं साहित्य म्हणतो ते तपासनिसाला अजून पटलेलं नाही. शिंगं असलेलं साहित्य मी दाखवणार नाही."

"पण संमतीशिवाय दवंडी झाली!"

"संमती तुम्ही दिलीत. जमिनीवर अजून ओली असेल, बघा."

मग म्हाताऱ्या सरदारांनी आपसांत हिशेब मांडला. मेंढी, जेवण, दोन बाटल्या एका बाजूला. दुसऱ्या बाजूला क्वामेनाला जाऊ देणं, ज्याचं कापड आणि पत्रे नगरपालिका देऊन बसली होती आणि दरबाराला काहीच पडत नव्हतं. आतून नानांचा निरोप आला. ओकियामेने तो पडलेल्या चेहऱ्याने सांगितला, "नाना म्हणतात, आम्ही जे म्हणालो ते म्हणालो."

मांडव मात्र त्या दिवशीही मिळाला नाही.

क्वामेनाने घंटा तेलाने पुसून गादीपुढे ठेवली. पत्रे त्याने इथल्या इथे विकले, कारण एफुआच्या खोलीवर छप्पर होतंच. ते पैसे घेऊन तो निघाला त्या दिवशी मी त्याच गाडीत होते, केप कोस्टला डोळे दाखवायला जायचं होतं. तो दाराजवळ बसला. मांडीवर कापडाचं गाठोडं, त्यावर भावंडांच्या जेवणाला आंबवलेल्या मक्याची केंकी आणि तळलेला मासा. गाडीत सगळे एकाच वेळी त्याच्याशी बोलत होते. नव्या दवंडीवाल्याला आवाज नाही, तो शेळ्यांनाच घाबरतो, असं कुणीतरी म्हणालं, त्यावर तेवढा क्वामेना हसला.

हद्दीची पाटी आली. पाटी दिसली की गाडीचा पोऱ्या पत्रा ठोकायचा, ड्रायव्हर गाडी बाजूला घ्यायचा, क्वामेना उतरायचा. पोऱ्याने सवयीने पत्रा ठोकला. गाडी थांबली. पोऱ्याने दार उघडून हातही पुढे केला, "या, पापा, सावकाश."

क्वामेना त्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने खिशातून सुट्टे पैसे काढले आणि त्या हातावर ठेवले.

"एन्टुमानो," तो म्हणाला. "भाडं घे पूर्ण. आणि दार लाव, धूळ येते आत."