गिअरबॉक्सचे आटे आणि अर्धा पाना

विषय: पाण्याच्या टँकरच्या गिअरबॉक्सचे आटे गेल्याबाबत.
संदर्भ: निम्नस्वाक्षरीकाराची आठवण.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, कचेरीत किस्से फायलींसारखेच साठतात. फरक इतकाच, की किस्से कधीतरी कोणीतरी उघडतो. मी नगरला सरकारी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये कारकून होतो. हे तिथले, बहात्तरच्या दुष्काळातले.

*

परदेशी मदतीतून आमच्याकडे एक छोटा टँकर आला. त्याच्या गिअरबॉक्सचे हाउसिंग, म्हणजे बाहेरचे कवच, मऊ अ‍ॅल्युमिनियमचे. आमचे हात लोखंडावर वाढलेले! फिटर सॅम्युएल श्रीरामपूरचा, मनगटाचा भारी अभिमान. पान्याला पाइप अडकवून बोल्ट आवळायचा आणि म्हणायचा, “माझ्या हातचा बोल्ट दुसऱ्याला सुटणार नाही!”

खरेच सुटला नाही. नुसता गरगर फिरत राहिला. आतले आटे गेले होते.

*

दोष एकट्या सॅम्युएलचा नव्हता. आमच्याकडे ‘तपासले’ म्हणजे आणखी एक पीळ देणे. सॅम्युएल आवळी, मग फोरमन देशमुख साहेब तपासत, मग ड्रायव्हर रंगनाथ “जिवाची गाडी हाय” म्हणून निघताना पुन्हा आवळी.

विश्वास ही वस्तू स्टोअरला शिल्लक नव्हती.

*

टँकरच्या फेरीत कर्जतकडची एक वाडी होती. रंगनाथची बहीण तिथे दिलेली. सॅम्युएलने बोल्टाला सुतळी गुंडाळून गाडी सोडली. मिरजगावपाशी तेल गळून गाडी उभी राहिली. रंगनाथ वाडीपर्यंत चालत गेला, पाणी येत नाही एवढे सांगायला.

परत आल्यावर मला म्हणाला, “भाऊसाहेब, बाया हंडे मांडून बसल्या हुत्या. बहीन म्हनली, दादा, तू आलास ते बरं झालं, पर हंड्यात काय वतू?”

त्या दिवशी वर्कशॉपमध्ये कोणी थट्टा केली नाही.

*

साहेबांनी नव्या हाउसिंगची मागणी केली. वरून उत्तर आले: आधी जुने जमा करा.

रंगनाथ म्हणाला, “म्हंजे कवळी मिळायच्या आदी जबडा जमा करायचा व्हय?”

*

शेवटी सॅम्युएलने भोक मोठे केले आणि रॉकेल सोडत, टॅपचे हत्यार अर्धा फेरा पुढे, थोडे मागे करत, नवे आटे पाडले. त्यात आतून-बाहेरून आटे असलेले पोलादी नळकांडे, म्हणजे बुश, बसवले. जुना बोल्ट त्यात असा बसला, की सॅम्युएल चक्क गप्प झाला. हे आमच्याकडे प्रथमच घडत होते.

मग सवयीने त्याने पाइप उचलला. “आता शेवटचा एक!” मागून साहेबही आले, तपासायला.

रंगनाथने पाना हिसकावला, व्हाइसच्या जबड्यात धरला आणि हॅकसॉने मधोमध कापला. मुठीएवढा तुकडा उरला. पाइप अडकवायला जागाच नाही!

“सरकारी पाना कापलास?” साहेब ओरडले.

“व्हय साहेब. आता किती बी तपासा!”

पाऊस पडेपर्यंत टँकर वाडीला जात राहिला. त्या बोल्टातून पुन्हा तेल गळले नाही. रंगनाथला मात्र मेमो मिळाला: शासकीय पान्याचे नुकसान का केले? त्याने अर्ज दिला, शब्द त्याचे, भाषा माझी: सदर पाना मुळात याच मापाचा समजण्यात यावा.

टँकर भंगारात गेला. रंगनाथ निवृत्त झाला, नंतर मीही.

अर्ज विचाराधीन आहे.